हिला ताप आलाय का? : क्लिम्टच्या 'डॅनाए'बद्दल एका आईला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी फाइन आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिने खोलीत ऑस्ट्रियाचा चित्रकार गुस्ताव क्लिम्ट याच्या 'डॅनाए' या चित्राची मोठी प्रिंट लावली आहे. अंगाचं मुटकुळं करून झोपलेली एक नग्न स्त्री, बाजूला सोनं. मुलगी म्हणते, हे ग्रीक पुराणातलं आहे. तुम्ही म्हणता, मला यात पुराण कुठं दिसतच नाही. नाव काढून घेतलं तर काय उरतं? पुराणाचं नाव देऊन नग्न चित्र खपवायची ही जुनी युक्ती आहे का? आणि सासूबाई दारातूनच चित्र बघून म्हणाल्या, "हिला ताप आलाय का?"

मी तीस-एक वर्षं लाइफ क्लास घेतला आहे, म्हणजे समोर मॉडेल बसवून मुलांना न्यूड काढायला शिकवलं आहे. या चित्रावर वर्गात पुष्कळ बोललं जातं, पण सासूबाईंच्या इतकं नेमकं कुणी बोललेलं मला आठवत नाही. म्हणून आधी त्यांचंच घेतो.

चित्र नीट पाहा. गाल तापलेले आहेत, ओठ किंचित उघडे, डोळे मिटलेले. तांबूस केस मोकळे सुटून खाली आलेत. गुडघे छातीकडे घेतलेत. एका हाताची बोटं छातीशी वाकडी झालीत, जणू काहीतरी धरायचंय आणि ते हाती लागत नाहीये. दुसरा हात मांड्यांच्या आड गेला आहे. तापात माणूस असाच झोपतो. पोटात कळ आली तरी असाच वळतो. आणि आईच्या पोटातलं मूलही याच आकारात असतं. क्लिम्टने ही एकच पोज अशी निवडली की तिच्यात झोप, सुख, वेदना आणि गर्भ हे सगळे अर्थ एकाच वेळी बसतात. घरातली आजारपणं-बाळंतपणं पाहिलेल्या बाईला तो आकार आधी ओळखू आला, यात मला नवल वाटत नाही.

आता गोष्ट. अर्गोसचा राजा अॅक्रिसियस याला भविष्यवाणी झाली की तुझ्या मुलीचा मुलगा तुला मारील. त्याने मुलीला, म्हणजे डॅनाएला, ब्राँझच्या कोठडीत बंद केलं. पुरुषाचं वारंही लागू नये हा बंदोबस्त. पण देवांचा राजा झ्यूस सोन्याच्या पावसाच्या रूपात छपरातून आत उतरला. तिला पर्सियस झाला. बापाने मायलेकरांना पेटीत घालून समुद्रात सोडून दिलं, ती दोघं वाचली, पर्सियसने पुढे मेदुसा या राक्षसीचं शिर कापलं, आणि एका खेळाच्या स्पर्धेत त्याच्या हातून सुटलेली थाळी लागून आजोबा मेले. भविष्यवाणी खरी झाली.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. कंस-देवकीचा तुरुंग आणि कुंतीची पेटी आपण लहानपणापासून ऐकतो. दोन्ही गोष्टी एका बाईच्या वाट्याला आल्या असं समजा. कुठून कुणी काय घेतलं या वादात मी पडत नाही. एवढंच म्हणतो, की देव तेज होऊन येतो आणि कुमारिकेला मूल होतं, ही कल्पना समजायला आपल्याला तळटीप लागत नाही.

पण ही गोष्ट रंगवायची कशी? इथे चित्रकाराची पंचाईत आहे. राजा रंगवता येतो, कोठडी रंगवता येते. सोन्याचा पाऊस झालेला देव कसा रंगवणार? गेल्या पाचशे वर्षांतल्या डॅनाए ओळीने लावल्या तर प्रत्येकाने काय उत्तर काढलं ते दिसतं.

यान गॉसार्ट या नेदरलँड्सच्या चित्रकाराची 1527 सालची डॅनाए म्युनिकला आहे. ती निळं वस्त्र नेसून खांबांच्या अर्धगोल दालनात बसली आहे आणि वर तोंड करून पाऊस झेलते आहे. एक स्तन उघडा आहे, बाकी सगळा थाट मेरीमातेचा. कारण मध्ययुगातल्या धर्मपंडितांनी डॅनाएला पावित्र्याच्या बाजूने साक्षीला काढलं होतं: सोन्याच्या पावसाने हिला गर्भ राहू शकतो, तर पवित्र आत्म्याने मेरीला का नाही?

मग वीसेक वर्षांत वारं फिरलं. व्हेनिसचा चित्रकार टिशियन याने 1544 ते 46 च्या सुमारास कार्डिनल अलेस्सांद्रो फार्नेझेसाठी डॅनाए रंगवली, ती आज नेपल्सला आहे. उशांवर रेललेली, पूर्ण नग्न, वर ढग आणि ढगातून नाणी. गिऱ्हाईक चर्चचं, विषय पुराणाचा आणि चेहरा कार्डिनलच्या मैत्रिणीचा घालायचा बेत होता. त्या वेळच्या पत्रात चक्क लिहिलेलं आहे की याच्यापुढे टिशियनची आधीची व्हीनस जोगीण वाटेल. तेव्हा तुमचा संशय अगदी खरा आहे. ही युक्ती जुनी आहे आणि तिला आश्रय देणारे फार थोर लोक होते. टिशियनने पुढे हाच विषय पुन्हा पुन्हा काढला, त्यात शेजारी एक म्हातारी दाई आली. ती ओचा पसरून नाणी गोळा करते. देवाचं येणं तिथे व्यवहार झाला. मला ते चित्र म्हणून आवडतं, पण त्यात झ्यूस म्हणजे खुर्दा आहे हे कबूल करावं लागेल.

डच चित्रकार रेम्ब्रांने 1636 मध्ये सुरू केलेल्या डॅनाएत नाणी नाहीतच. पडद्यामागून उजेड येतो आणि ती हात पुढे करते. एवढंच. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमधल्या या चित्रावर 1985 साली एका माणसाने सुरी चालवली आणि अॅसिड फेकलं. दुरुस्तीला 12 वर्षं लागली. ते चित्र आज पाहिलं की आधी उजेड दिसतो, मग गेलेलं दिसतं.

एकोणिसाव्या शतकात ही युक्ती पार गुळगुळीत झाली. 1863 सालच्या पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, काबानेल या चित्रकाराची लाटांवर पहुडलेली व्हीनस खुद्द तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतली. दोनच वर्षांनी तिथेच एदुआर माने या चित्रकाराची 'ऑलिंपिया' लागली आणि लोक खवळले. अंगावर कपडे दोघींच्याही नव्हते. पण मानेची बाई देवी नव्हती, आणि ती सरळ तुमच्याकडे बघत होती.

क्लिम्टला ही युक्ती आतून-बाहेरून माहीत होती. सोनाराचा मुलगा, 1862 चा जन्म, चौदाव्या वर्षी व्हिएन्नाच्या कलाउद्योग शाळेत गेला. नाट्यगृहांची छतं, जिने, म्युझियमच्या भिंती, असं सरकारी सजावटीचं काम त्याने तरुणपणी भरपूर केलं. पुराणातले प्रसंग मागाल तसे काढून द्यायचा. मग 1897 मध्ये कलावंतांच्या जुन्या संस्थेतून फुटून 'सेसेशन' हा नवा गट निघाला, त्यात तो पहिला अध्यक्ष. पहिल्या प्रदर्शनाच्या पोस्टरवर त्याने बैलाच्या तोंडाच्या मिनोटॉरला मारणारा ग्रीक पुराणातला वीर थीसियस काढला, नागडा. सेन्सॉरने अडवलं. क्लिम्टने थीसियसच्या कमरेपुढे झाडाचे खोड आणून उभे केले आणि पोस्टर छापलं. म्हणजे पुराणाचं नाव असूनही सुटका झाली नाही.

मोठं भांडण विद्यापीठाशी झालं. तत्त्वज्ञान, वैद्यक आणि न्याय या तीन विद्याशाखांसाठी छताची चित्रं त्याला सांगितली होती. 1900 मध्ये पहिलं चित्र दाखवताच 87 प्राध्यापकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. वैद्यकाच्या चित्रात तरंगती उघडी शरीरं, त्यात एक गरोदर बाई; त्यावर तर अश्लीलतेची बोंब झाली. वैतागून 1905 साली त्याने घेतलेले पैसे परत केले आणि चित्रं काढून घेतली. ती तिन्ही चित्रं दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी आगीत गेली, आता काळे-पांढरे फोटो उरलेत. सरकारी काम त्याने पुन्हा घेतलं नाही. डॅनाए 1907-08 ची, म्हणजे त्यानंतरची. ती कुणाच्या छतासाठी नाही, तिला कुणाची परवानगी लागणार नव्हती. मग 'झोपलेली स्त्री' असं नाव देऊन तो मोकळा होऊ शकला असता. त्याने पुराण का ठेवलं?

माझं उत्तर असं, की ठेवलं नाही, तासून तासून बारीक केलं. कोठडी गेली. बाप गेला. दाई गेली, उशा गेल्या, ढग गेले. झ्यूसचं तोंड तर नाहीच. उरलं एक शरीर आणि एक सोन्याची सर. ही दोन जिथे भेटतात तेवढीच जागा त्याने चौकटीत घेतली. चित्र 77 सेंटिमीटर उंच आणि 83 रुंद, म्हणजे जवळजवळ चौरस, आणि फार मोठं नाही. त्या चौरसात एक अख्खी बाई कोंबली आहे. कोठडी काढायची गरजच राहिली नाही. चौकट हीच कोठडी. आजूबाजूला श्वास घ्यायला जागा नाही. कडेला आकार बेधडक कापायची ही रीत त्या पिढीने जपानी ठशांच्या चित्रांवरून उचलली होती. सेसेशनने 1900 मध्ये जपानी कलेचं खास प्रदर्शनच भरवलं होतं.

एका वर्षी मी वर्गात ही पोज लावून बघितली. आमच्या मॉडेल बाई अनुभवी, तासन्‌तास हलायच्या नाहीत. दहाव्या मिनिटाला म्हणाल्या, "सर, पाय बधिर झाला." मुलांना विश्रांती देऊन मी स्वतः स्टुलावर चढून पाहिलं, जमिनीवर बसून पाहिलं, पायाकडून पाहिलं. चित्रात दिसते तेवढी मोठी मांडी आणि त्याच वेळी तसा चेहरा, हे एका जागेवरून काही केल्या दिसेना. फोरशॉर्टनिंग, म्हणजे जवळचं अंग मोठं आणि लांबचं आखूड दिसणं, हे आम्ही पहिल्या वर्षापासून घोकून घेतो. क्लिम्टला ते झोपेतही येत होतं. इथे त्याने ते मुद्दाम मोडलं आहे. मांडी समोरून, चेहरा जरासा वरून. प्रेक्षकाला उभं राहायला नक्की जागा ठेवलेली नाही, म्हणून ती बाई पलंगावर आहे की हवेत, हेही सांगता येत नाही. मुलीला म्हणावं, हीच पोज वीस मिनिटांत काढून बघ, आधी तो वाकडा हात सोडव. तो हात फार अवघड आहे.

आता सोनं. माझ्या मते चित्राची किल्ली इथे आहे.

1903 मध्ये क्लिम्ट दोनदा इटलीतल्या रावेन्नाला जाऊन आला. तिथे सान व्हिताले चर्चमध्ये सहाव्या शतकातली मोझेइक, म्हणजे बारीक रंगीत तुकडे जडवून केलेली भित्तिचित्रं आहेत, सम्राट जस्टिनियन आणि राणी थिओडोरा, पाठीमागे सगळं सोनं. त्या सोन्याला खोली नसते. त्याच्यावर सावली पडत नाही, त्याच्यात दुपार-संध्याकाळ नसते. ज्याने कधी वर्ख लावून काम केलं आहे त्याला हे हातानेच कळतं: अंगाला शेडिंग देता येतं, सोन्याला नाही. द्यायला गेलात तर सोन्याचं पितळ होतं. आपल्याकडे तंजावरची चित्रं आठवा, तिथल्या मराठा राजांच्या काळात बहरलेली. कृष्णाभोवतीचं सोनं ही जागा नसते. कृष्ण यशोदेच्या घरात आहे की वैकुंठात, हा प्रश्नच सोनं बंद करतं.

डॅनाएत क्लिम्टने दोन्ही भाषा एकाच चौरसात आणल्या. शरीर युरोपातल्या चारशे वर्षांच्या रीतीने रंगवलं आहे: गोलाई, मांसलपणा, कातडीखालून येणारा निळसर-गुलाबी रंग. आणि पाऊस सपाट, चकत्या आणि थेंबांचा, जवळजवळ दागिन्यासारखा. पाऊस तिच्या अंगावर पडतो तरी त्याची सावली तिच्यावर नाही, तिचा रंग त्याच्यावर नाही. एक गोष्ट काळात आहे, दुसरी नाही. मर्त्य बाई आणि अमर देव यांची गाठ पडली तर ती अशीच दिसेल ना? टिशियनला देव दाखवायला नाणी रंगवावी लागली. क्लिम्टने देवाला शरीराहून वेगळ्या, सपाट सोन्याच्या भाषेत रंगवलं. तुम्ही विचारलंत, नाव काढून टाकलं तर? काढून बघा. तरी काहीतरी परकं, या जगातलं नसलेलं तिच्यापर्यंत पोचतंय हे दिसत राहतं. शीर्षक कळलं नाही तरी गोष्ट घडते. काबानेलची व्हीनस मात्र नाव काढलं की समुद्रावर आडवी पडलेली मॉडेल होते.

आणखी एक खूण शोधा. त्या सोन्यात एक छोटा काळा आयत आहे. क्लिम्टच्या चित्रांत उभे काळे-पांढरे आयत पुरुषाकडे असतात आणि गोल, वर्तुळं, फुलं बाईकडे. त्याच सुमाराच्या 'चुंबन' या चित्रात दोघांच्या झग्यांवर हे अगदी सरळ वाचता येतं. इथे पुरुषाचं शरीर पूर्ण गेलं, झगाही गेला, एक आयत तेवढा मागे राहिला. आणि तिच्याभोवतीच्या जांभळट तलम वस्त्रावर सोनेरी गोल आहेत, वर्तुळात वर्तुळ. व्हिएन्नात क्लिम्टची ऊठबस पत्रकार बेर्टा झुकरकांडल यांच्या बैठकीत होती, त्यांचे पती एमिल शरीरशास्त्राचे प्राध्यापक. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात हे तिथे कलावंतांच्या कानावर आणि डोळ्यांवर पडत होतं. काही अभ्यासक या गोलांत पेशी, गर्भाची अगदी पहिली अवस्था पाहतात. मला ते पटतं, फार ताणलं नाही तर. म्हणजे सोनं झडलं आणि पर्सियस त्या पदरावर आधीच सुरू झाला.

इतकं सांगून आता दुसरी बाजू. हे चित्र निष्पाप आहे असं मी म्हणणार नाही, आणि मुलीनेही म्हणू नये. मूळ गोष्टीत डॅनाएला कुणी विचारलेलं नाही. बापाने कोंडलं, देव घुसला, बापाने समुद्रात टाकलं. क्लिम्टने त्यातून जबरदस्तीचा भाग पुसला आणि तिच्या चेहऱ्यावर सुख ठेवलं. हे त्या काळात धाडसाचं होतं, कारण बाईचं स्वतःचं सुख हा चित्राचा विषय करणं आणि त्यात पुरुष न दाखवणं कुणाच्या पचनी पडणारं नव्हतं. पण ती झोपेत आहे. आपण बघतोय हे तिला माहीत नाही. ऑलिंपियाने लोकांकडे रोखून पाहिलं, हिचे डोळे मिटलेले. झ्यूस चित्रात नाही म्हणजे त्याची जागा रिकामी आहे, आणि त्या जागी येऊन उभा राहतो तो चित्रकार, मग आपण. क्लिम्टच्या स्टुडिओत मॉडेल्सचा सतत राबता असे, त्यांच्यापासून त्याला मुलंही झाली. हे लक्षात ठेवूनच चित्र बघावं. आमच्या वर्गाचा पहिला नियम असा की मॉडेल झोपली तर पेन्सिली खाली. क्लिम्टच्या चित्रापुढे उभं राहिलं की तो नियम मला दरवेळी आठवतो, आणि तरी मी बघत राहतो.

'अश्लील का?' असं तुम्ही उघड विचारलं नाहीत, पण प्रश्नाच्या तळाशी ते आहे. मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये 1919 नंतर ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी न्यूड मॉडेल बसवून अभ्यास सुरू केला, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. 1954 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत लागलेल्या चित्रकार अकबर पदमसींच्या 'लव्हर्स' या चित्रांवरून खटला झाला, ते सुटले. त्या चित्रांना कुठल्या पुराणाचं नाव नव्हतं, आणि कोर्टात त्यावाचून काही अडलं नाही. पुराण पांघरलं म्हणून चित्र सोवळं होत नाही, तसं नागडं आहे म्हणून ओवळंही होत नाही. तुमच्या घरात काय लागावं हे तुम्ही तिघींनी ठरवायचं. मी फक्त चित्राची बाजू मांडतो.

मुलीला पुढे जायचं असेल तर एगोन शीलेची 1909 सालची डॅनाए तिने शोधून पाहावी. तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा, क्लिम्टला गुरू मानणारा. गुरूची पोज उचलली आहे, पण सोनं त्याच्या हाताला चिकटलेलं नाही. पुढे त्याने ते टाकूनच दिलं आणि बाई कागदावर उघडी, हाडकुळी, बिनआसऱ्याची काढली. त्या दोन चित्रांच्या मधल्या जागेत तिला शिकण्यासारखं पुष्कळ सापडेल.

राहिली प्रिंट. मूळ चित्र खाजगी संग्रहात आहे, व्हिएन्नाला गेलात तरी हमखास दिसेल असं नाही, तेव्हा प्रिंटवरच भागवावं लागतं. छापील सोनं म्हणजे पिवळा आणि तपकिरी शाई. ट्यूबलाइटखाली ते मोहरीच्या रंगाचं दिसतं. खिडकीच्या समोरच्या नाही, बाजूच्या भिंतीवर लावा, तिरपा उजेड येऊ द्या. आणि एक तपासून घ्या. कॅलेंडरवाले आणि पोस्टरवाले हे चित्र उभ्या कागदात बसवायला सर्रास डावीकडून कापतात. चेहरा, केस, मांडी राहते आणि पाऊस जातो. तुमच्याकडची प्रिंट तशी असेल तर तुम्हाला पुराण दिसलं नाही यात तुमची चूक नाही. काळा आयत आहे का ते बघा. नसेल तर दुकानदाराला परत द्या आणि पूर्ण चौकटीची मागा.